वाढलेला की फुटलेला : ठाण्यात राहून कॅल्साइट गोळा करू बघणाऱ्या नवख्यांसाठी

कॅल्साइट हे आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारं खनिज. माझा पहिला कॅल्साइट मी घोडबंदर रस्त्याच्या कडेला, एका इमारतीच्या पायातून निघालेल्या डबराच्या ढिगातून उचलला. लिंबाएवढा, मधासारखा पिवळट, कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ. काडेपेटी एका बाजूने दाबून तिरकी करावी तसा आकार. वर्षभर मी तो येईल त्याला "माझा स्फटिक" म्हणून दाखवत होते. मग एकदा आमच्याच सोसायटीतल्या, भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावलं, दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हा वाढलेला नाही, फुटलेला आहे."

माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी विचारलं, "एक कोपरा उडवू?" मी हो म्हटलं. त्यांनी दगड टेबलावर ठेवला, कोपऱ्याजवळ एक खिळा टेकवला आणि वर हलकीशी टिचकी दिली. हरभऱ्याएवढा कोपरा सुटून आला. तोही तिरकी काडेपेटीच. त्याचा कोपरा उडवला, तर तीही तशीच.

कॅल्साइट शिकायचा तर सुरुवात इथून करा, असं मला आता वाटतं. हातातला आकार दगडाने वाढताना घेतला आहे की फुटताना, हे ओळखता आलं की पुढचं अर्धं काम होतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षात दोन पिशव्या नुसते तुकडे घरी आणले नसते.

आधी पायाखालचा दगड

ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली, तुर्भे, बेलापूर हा सगळा पट्टा बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थर देत पसरत गेला आणि त्यातून दख्खनचा ट्रॅप तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पूर्वेला पारसिकच्या डोंगराची जी रांग साथ देते, तिच्यावरचे जुन्या खदानींचे उघडे कडे पाहिलेत तर हे थर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

लाव्हा थिजत असताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपात वर येतो. काही बुडबुडे पृष्ठभागाजवळ अडकतात आणि तिथे पोकळ्या राहतात. पुढे दगडाच्या भेगांतून कोमट-गरम पाणी फिरत राहिलं. त्याने बेसाल्टमधलं कॅल्शियम, सिलिका, ॲल्युमिनियम विरघळवलं आणि सावकाश त्या पोकळ्यांमध्ये आणून सोडलं. जमिनीखालचं गरम पाणी ही फार परकी गोष्ट वाटू नये म्हणून वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवा. ती आपल्याच भागात आहेत. पोकळ्यांमध्ये सिलिका असलेल्या पाण्यातून झिओलाइट कुळातली खनिजं (स्टिल्बाइट, चाबाझाइट वगैरे) आणि गारगोटी तयार झाली. कॅल्शियमला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भेटला तिथे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट.

यातून शोधायची जागा ठरते. थराच्या मधला दगड घट्ट, एकसंध, निळसर काळा असतो. बांधकामाला उत्तम, आपल्याला निरुपयोगी. थराच्या वरच्या भागात दगड जाळीदार, थोडा तपकिरी किंवा हिरवट होतो, हातोडीखाली लवकर ठिसूळ पडतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. तो दिसला की त्याच्या लगेच खालचा दगड नीट बघायचा, कारण तो खालच्या लाव्ह्याचा माथा असतो. ढिगाकडे पाहतानाही हेच: काळेभोर गुळगुळीत धोंडे सोडून द्या, पांढरे ठिपके असलेले भुरकट धोंडे उलटून पाहा.

परवानगी, आणि कुठे हात लावायचा नाही

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून खडाही उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तिथे लागू आहे. राखीव जंगलातून दगड काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. लेणी, किल्ले, देवळांचे चौथरे यांच्या आसपास हातोडी पिशवीतून बाहेरच काढू नये. खदानी आणि खोदकामातला दगड हा गौण खनिज म्हणून मोजला जातो, त्याला मालक असतो, आणि नवी मुंबईत जमिनीचा मोठा हिस्सा सिडकोचा आहे. म्हणजे "कुणाचंच नाही" अशी जागा इथे जवळपास नाहीच.

मग मिळतं कसं? विचारून. पायाचं खोदकाम चालू असलेल्या साईटच्या गेटवर जा, सुपरवायझर कोण आहेत ते विचारा, आणि सरळ सांगा की ढिगातले दोन-चार शोभेचे दगड बघायचे आहेत, विकायला नाही. दहातले सहा जण नाही म्हणतात. दोघं हसतात. उरलेले दोघं स्वतःहून खिडकीत ठेवलेला एखादा नमुना काढून दाखवतात. रविवारी काम बंद असेल तर गपचूप आत शिरायचा मोह होतो, तो टाळा. अर्धवट खोदलेल्या पायाची भिंत कधी खचेल ते सांगता येत नाही आणि आपण आत आहोत हे कुणालाच माहीत नसतं.

चालू खदानीत नवख्याने जाऊच नये. सुरुंग, क्रशर, मागे न बघता येणारे डंपर. बंद पडलेल्या खदानीच्या कड्याखालीही उभं राहू नका, विशेषतः पावसाळ्यात. मुंब्रा-पारसिक पट्ट्यात दरडी कोसळतात हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सर्वात चांगले महिने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर: पावसाने ढिगांवरची धूळ धुऊन टाकलेली असते, ऊन तिरकं असतं आणि स्फटिकाची पाटी, म्हणजे सपाट बाजू, लांबूनच आरशासारखी लकाकते.

पिशवीत काय असावं

एक किलोच्या आतली हातोडी, गवंड्याची एक बारीक आणि एक रुंद छिन्नी, डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा, जाड हातमोजे, पायात बूट. दहा पट मोठं दाखवणारं भिंग. सोनार वापरतात तसलं घडीचं मिळतं. पाण्याची बाटली, जुना टूथब्रश, भरपूर वर्तमानपत्र, मार्कर आणि कागदाच्या चिठ्ठ्या. चष्म्याला पर्याय नाही. बेसाल्टची कपची काचेसारखी उडते.

एक पोकळी, जवळून

मागच्या नोव्हेंबरात महापे बाजूच्या एका साईटवर परवानगी मिळाली. वॉचमनने अडवलं, "ताई, हेल्मेटशिवाय आत नाही," आणि स्वतःचंच काढून दिलं. ढिगात टीव्हीच्या खोक्याएवढा एक धोंडा होता, त्याला मुठीएवढं भोक. आत टॉर्च मारला तर तोंडात दात दिसावेत तसे टोकदार पिवळसर सुळे.

इथे घाई केली की संपलं. छिन्नी पोकळीच्या कडेला लावायची नाही, एक वीतभर लांब लावायची. सुळ्यांवर घाव बसायला नको एवढंच कारण नाही. बेसाल्टमधून गेलेला हादरासुद्धा कॅल्साइटला पुरतो. आधी पोकळीत वर्तमानपत्राचे ओले बोळे अलगद भरून घ्या, म्हणजे आतलं काही सुटलं तरी आपटणार नाही. मग धोंड्याची नैसर्गिक भेग शोधायची आणि तिच्याच वाटेने, थोडे थोडे घाव घालत जायचं. मला पाऊण तास लागला. एक सुळा तरीही तुटला.

घरी आणून पाहिलं तेव्हा पोकळीची भिंत तीन थरांत वाचता आली. अगदी दगडाला लागून मातकट हिरवा पापुद्रा. त्यावर बारीक, मोतिया चमकीचे पांढरे स्टिल्बाइट, मध्ये आवळून बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे. आणि त्यांच्या डोक्यावर बसलेले कॅल्साइटचे सुळे. जो वर बसला तो नंतर आला, इतका साधा हिशेब आहे. कॅल्साइट नेहमी शेवटीच येतो असं मात्र नाही. कधी तो आधी वाढतो, त्यावर गारगोटीचा थर चढतो, नंतर आतला कॅल्साइट विरघळून जातो आणि गारगोटीत त्याच्या आकाराचा नुसता साचा उरतो. असा साचा सापडला तर त्याला "तुटका दगड" समजून टाकू नका, माझ्या मते तो अख्ख्या सुळ्यापेक्षा मोलाचा.

कॅल्साइटच आहे ना?

चाकू, व्हिनेगर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्यावर भागतं.

काठिण्याच्या मापपट्टीवर कॅल्साइट ३ वर आहे. नखाने त्यावर ओरखडा उठत नाही, चाकूच्या टोकाने सहज उठतो. गारगोटी ७ वर आहे. तिच्यावर चाकूच घसरतो. ओरखडा नेहमी मागच्या, न दिसणाऱ्या जागी काढायचा.

त्या ओरखड्यातून जी पांढरी पूड निघेल तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुड्यांची माळ उठली तर कार्बोनेट. आपल्या भागात त्याचा अर्थ बहुधा कॅल्साइटच. झिओलाइट, ॲपोफिलाइट, गारगोटी ढिम्म राहतात. बाथरूमचं ॲसिड वापरू नका. फेस जोरात येतो, वाफ नाकात जाते आणि पाटीची चमक कायमची मरते. चाचणी झाली की व्हिनेगरसुद्धा लगेच धुऊन टाकायचं.

वजनाची चाचणी शुद्ध तुकड्यासाठीच, खाली बेसाल्ट चिकटलेला नको. तुकडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ५४ ग्रॅमचा तुकडा २० ग्रॅम दाखवत असेल तर उत्तर २.७, कॅल्साइटचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तो पाण्याच्या किती पट जड हे, २.७१ आहे. स्टिल्बाइट २.२ च्या आसपास येतो. गारगोटी २.६५, म्हणजे ती या चाचणीत कॅल्साइटची जुळी बहीण. तिच्यासाठी चाकू आहेच.

फसवणाऱ्यांमध्ये सर्वात बिलंदर चाबाझाइट. तोही जवळजवळ घनासारख्या, किंचित तिरक्या पेटीत वाढतो आणि नवखा त्याला हमखास कॅल्साइट म्हणतो. व्हिनेगर लावलं की भांडं फुटतं. ॲपोफिलाइट चौकोनी खांबासारखा, वर बहुधा पिरॅमिडची टोपी, आणि त्याला आडवी सोलता येणारी एकच मोतिया पाटी. ह्यूलंडाइट शवपेटीच्या आकाराचा, एका बाजूला मोत्यासारखा झळाळणारा.

आता आकार

इथे थोडं थांबू, कारण मजा इथेच आहे.

कॅल्साइट तीन दिशांनी स्वच्छ चिरतो. या गुणाला भूशास्त्रात पाटन म्हणतात. तिन्ही दिशा एकमेकींना लंबकोनात नसून तिरक्या आहेत, म्हणून फुटलेला प्रत्येक तुकडा तिरकी पेटी होतो. सहा पृष्ठं, आणि आदर्श तुकड्यात प्रत्येक पृष्ठ समभुज चौकोन. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहा: एका पृष्ठावरचे कोन सुमारे १०२° आणि ७८° येतील. पुस्तकात मात्र १०५° आणि ७५° छापलेलं असतं, आणि नवखा तिथे गोंधळतो. दोन्ही बरोबर आहेत. पुस्तकातला कोन शेजारच्या दोन पृष्ठांमधला आहे, वहीचं पान उघडताना दोन पानांत होतो तसला. आपण मोजला तो एकाच पृष्ठाच्या कोपऱ्यातला.

ही पेटी हातात फिरवून पाहण्याआधी कागदाची करा. घरात लग्नपत्रिका पडलेल्या असतातच. जाड पत्रिकेतून ४ सेंमी बाजूचे सहा समभुज चौकोन कापा, कोन १०२° आणि ७८°. तिघांचे विशालकोन एकाच बिंदूत आणून कडा चिकटवा, पसरट टोपी तयार होईल. उरलेल्या तिघांची दुसरी टोपी. आता दोन्ही टोप्या तोंडाला तोंड लावा. सपाट बसणार नाहीत, कारण दोघींचा काठ नागमोडी आहे. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटीत जाईपर्यंत फिरवा. झाली पेटी. तिच्या आठ कोपऱ्यांपैकी दोनच असे आहेत जिथे तीन विशालकोन एकत्र येतात, आणि ते एकमेकांच्या बरोबर समोर आहेत. त्या दोघांना जोडणारी रेघ म्हणजे कॅल्साइटचा उभा अक्ष. या अक्षावर पेटी उभी धरून वरून पाहा: तीन पृष्ठं दिसतात, १२०° च्या अंतराने. कॅल्साइटचा सगळा संसार या तीनच्या आकड्यावर चालतो.

कागदाची पेटी हातात असताना वाढलेल्या स्फटिकांकडे या.

सर्वात जास्त भेटणारा सुळा. इंग्रजी पुस्तकं त्याला कुत्र्याच्या दाताचं नाव देतात, आपणही सुळाच म्हणू. पूर्ण असेल तर त्याला दोन्हीकडे टोकं, वर सहा आणि खाली सहा अशी बारा पृष्ठं, आणि प्रत्येक पृष्ठ विषमभुज त्रिकोण. दगडावर उगवलेला असल्याने आपल्याला बहुधा वरचे सहाच दिसतात. टोकावरून खाली येणाऱ्या सहा कडांवर बोट फिरवा. एक कड धारदार लागेल, पुढची बोथट, पुन्हा धारदार, पुन्हा बोथट. सहा दिसल्या तरी जाती दोनच, तीन-तीनच्या. कंबरेची कड सरळ नसते, कागदी पेटीच्या काठासारखी नागमोडी असते.

दुसरा खिळ्याच्या डोक्यासारखा. सहा बाजूंचा खांब आणि त्यावर तीन पृष्ठांची अगदी चपटी टोपी. गारगोटीही सहा बाजूंची, म्हणून घोटाळा होतो. अशा वेळी डोकं बघायचं: टोकावर तीनच पृष्ठं आणि तीही पसरट, तर कॅल्साइट, टोक उंच, सहसा सहा पृष्ठांचं, आणि खांबाच्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा, तर गारगोटी.

तिसरा, वाढलेली पेटी. हो, पेटीच्या आकारातही कॅल्साइट वाढतो. म्हणूनच नुसता आकार पाहून "फुटलेला" म्हणता येत नाही. वाढलेली पेटी बरेचदा कागदी पेटीपेक्षा चपटी किंवा उभट असते, कोन १०२°-७८° येतच नाहीत. ते तसे आले, तर पृष्ठाची तब्येत बघा. फुटलेली पाटी आरशासारखी कोरी असते, तिच्यावर पायऱ्या पायऱ्या असतात आणि दगड दिव्याखाली हलवला की त्या सगळ्या पायऱ्या एकाच क्षणी चमकतात. आत सरळ भेगा, भेगांत इंद्रधनुष्याचे तुकडे. वाढलेल्या पाटीवर मात्र आयुष्याच्या खुणा असतात: बारीक खळगे, रेघा, थोडी मंद झालेली चमक, कुठे चिकटलेला एखादा इवलासा स्टिल्बाइट. फुटलेल्या ताज्या पाटीवर दुसरं खनिज उगवायला वेळच मिळालेला नसतो.

महापेच्या त्या तुटलेल्या सुळ्यात दोन्ही एकत्र आहेत. अंगाला सहा मंद, रेघाळ पृष्ठं, ती त्याची स्वतःची. टोक गेलं तिथे तिरक्या, लख्ख पाट्या, त्या माझ्या छिन्नीच्या. बाहेरून सुळा असला तरी आतून फुटतो पेटीतच. फ्रान्सच्या रने जूस्त आऊई यांच्या हातून १८ व्या शतकाच्या अखेरीस एक कॅल्साइट पडून फुटला आणि त्यांच्या हेच लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कितपत जशीच्या तशी घडली कोण जाणे, पण बाहेरचे आकार कितीही वेगळे असले तरी आतल्या विटा एकाच आकाराच्या, हा त्यांचा विचार १७८४ साली छापून आला आणि स्फटिकशास्त्र तिथून उभं राहिलं.

या मूळ आकारांची एकमेकांत सरमिसळ होते. सुळ्याच्या टोकावर पेटीची तीन पृष्ठं, खांबावर सुळा, त्यावर पुन्हा चपटी टोपी. कॅल्साइटच्या पृष्ठांचे शेकडो प्रकार नोंदले गेले आहेत, ते पाठ करायच्या भरीस पडू नका. प्रत्येक नव्या नमुन्याला एवढंच विचारा: अक्ष कुठे, टोकावर तीन की सहा, कंबर नागमोडी की सरळ. कंबर सरळ निघाली आणि तिच्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा असतील तर अभिनंदन, ते जुळं आहे. खालचा अर्धा वरच्याचं आरशातलं प्रतिबिंब असावं तसा वाढलेला. मला अजून स्वतःला एकही सापडलेलं नाही.

फुटलेल्या तुकड्यांनाही एक मान आहे. पारदर्शक तुकडा पेपरच्या मथळ्यावर ठेवा, अक्षरं दुहेरी दिसतील. तुकडा गोल फिरवा: एक अक्षर जागेवर राहतं, दुसरं त्याच्याभोवती फेरी मारतं. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटमध्ये हे पाहून १६६९ साली लिहून ठेवलं. घरात पोलरॉइड गॉगल असेल तर तो तुकड्यावर धरून फिरवा. आधी एक प्रतिमा मावळते, मग ती उगवून दुसरी मावळते. माझ्या भाचीला सुळ्यांचं काही पडलेलं नाही, ती हाच तुकडा मागते.

धुणं आणि ठेवणं

साधं, खोलीच्याच तापमानाचं पाणी, एक थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. बस्स. मी एकदा डिसेंबरात, गार पडलेला सुळा गिझरच्या पाण्याखाली धरला. टक् असा आवाज आला आणि आत आरपार भेग. गरम-गारचा झटका कॅल्साइट सोसत नाही. गंजाचे डाग काढायला इतर खनिजांवर ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, ते बघून इथे वापरू नका. कोणतंही आम्ल डागाआधी कॅल्साइट खातं.

शेजाऱ्यांचाही विचार करा. कापसाच्या गोळ्यासारखा ओकेनाइट किंवा सुयांसारखा स्कोलेसाइट सोबत असेल तर ब्रश लावायचाच नाही. लॉमॉन्टाइट तर कोरड्या हवेत पाणी गमावून पांढरी पूड होतो, त्यामुळे त्याच्या डब्यात बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी टाकू नका. आपल्या दमट हवेचा कॅल्साइटला त्रास नाही, त्रास पुठ्ठ्याच्या डब्यांना होतो, बुरशी येते. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणि खाली फोमचा तुकडा बरा. सुळे टोक वर करून ठेवा आणि उचलताना खालच्या दगडाला धरून उचला.

विकत घ्यायचा झाला तर

त्यात कमीपणा काही नाही. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर विक्रेते बसलेले असतात, नाशिक-जळगाव पट्ट्यातला मालही बाजारात येतो. भडक गुलाबी-निळा रंग दिसला तर ओल्या कापसाने पुसून बघा. स्फटिक दगडाला जिथे टेकतो ती जागा भिंगाने तपासा, डिंकाचा बुडबुडा किंवा रेघ दिसते का. नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली डिंक बरेचदा वेगळा चमकतो. काही कॅल्साइटही त्या प्रकाशात चमकतात, त्यामुळे चमक कुठून येते ते बघा, नुसती चमक नको. आणि डोळा तयार करायचा असेल तर खरेदीआधी एकदा सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून या.

चिठ्ठी

दगड वर्तमानपत्रात गुंडाळण्याआधी चिठ्ठी लिहायची, घरी गेल्यावर नाही. घरी गेल्यावर सगळे ढीग सारखे आठवतात. जागा (नुसतं "नवी मुंबई" नव्हे, कोणत्या रस्त्याजवळचं खोदकाम तेवढं), तारीख, कुणाच्या परवानगीने, सोबत कोणती खनिजं, कोण कुणाच्या वर बसलंय. दगडाच्या मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर क्रमांक, तोच क्रमांक वहीत.

माझ्या वहीत क्रमांक १ पुढे आधी "कॅल्साइट स्फटिक, घोडबंदर रस्ता" असं लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळी सरांनी माझंच पेन घेऊन "स्फटिक" वर रेघ मारली आणि वर "पाटनखंड" लिहिलं. उडवलेला कोपराही त्याच डबीत आहे. जागेवर ठेवला तर अजून बरोब्बर बसतो, सांधा दिसत नाही.